मनसराजची कबर

सातवीच्या वर्गात ‘फास’ शब्द शिकवत होतो. उर्दूत याला ‘दाम’ म्हणतात, एवढं सांगून पुढे जाणार, तोच एरवी गप्प बसणारा फासेपारधी समाजाचा मुलगा म्हणाला, “सर, माझा आजा आवाज काढून हरणं बोलवायचा.” वर्ग हसला. मला मात्र ‘आईन-ए-अकबरी’ आठवली.

अबुल फजलने त्यात ‘घंटाहेरा’ नावाची शिकार सांगितली आहे. ढालीत किंवा टोपलीत दिवा लपवायचा, लहान घंट्या वाजवायच्या. उजेडाला नि नादाला भुलून जनावरं जवळ आली की दबा धरून बसलेले तीर सोडायचे. काही शिकारी तर गाणं म्हणून हरणं बोलवत आणि जवळ येताच मारत. अकबर बादशहाला या दोन्ही रीती नापसंत होत्या, असंही तो लिहितो.

पाळीव काळवीट सोडून केलेली शिकार मात्र दरबारात चालायची. त्याच्या शिंगांवर जाळं बांधून त्याला रानात सोडत. काळवीट नर डोळ्याजवळच्या ग्रंथीचा वास काटक्यांना लावून आपली हद्द आखतो. परका नर आत शिरला की अंगावर धावून जातो. झुंजीत रानटी नराचं शिंग, पाय नाहीतर कान जाळ्यात अडके. गाण्याने फसवणं वाईट आणि जातभाईकरवी फसवणं चांगलं, हा न्याय मला काही पटत नाही.

जहांगीरचा मनसराज असाच एक काळवीट. झुंजीत आणि रानटी हरणं धरण्यात त्याला तोड नव्हती. तो मेला तेव्हा, १६०७च्या सुमारास, लाहोरजवळ, आजच्या शेखूपुऱ्यात, बादशहाने मिनार उभारला, कबरीवर हरणाच्या आकाराचा दगड बसवला आणि त्या माळावर हरणाच्या शिकारीला बंदी केली. हिरन मिनार आजही उभा आहे.

इकडे इंग्रजांनी १८७१च्या कायद्यापासून ‘गुन्हेगार जमाती’ ठरवायला सुरुवात केली, आणि पुढे तो शिक्का फासेपारध्यांवरही बसला.

दुसऱ्या दिवशी त्या मुलाला मिनाराचं चित्र दाखवलं. बराच वेळ पाहत राहिला. मग विचारलं, “सर, याला पकडलं कोणी, ते लिहिलंय का?”

जहांगीरने आपल्या आठवणींत कबरीवरचा मजकूर दिला आहे. हरीण बादशहाच्या ‘दाम’मध्ये आलं आणि महिनाभरात माणसाळलं, असं त्यात आहे. जाळं लावणाऱ्याचं नाव नाही. तसं मी त्याला सांगितलं.