पेटीतलं लायसन

बऱ्हाणपूरकडच्या आमच्या जसोंडीच्या घरात माळ्यावर एक लोखंडी पेटी आहे. आजोबा गेल्यावर ती पहिल्यांदा उघडली, तेव्हा तीत खसऱ्याच्या नकला होत्या, सोसायटीच्या पावत्या होत्या, आजीच्या माहेरची दोन पत्रं होती आणि सगळ्यांच्या तळाशी एक लहानशी पुस्तिका होती. पानापानावर पोस्टाचे गोल शिक्के. मला वाटलं, बचतीचं खातं असेल. थोरले काका म्हणाले, "लायसन आहे ते. रेडिओचं."

घरात रेडिओ ठेवायचा तर परवाना लागायचा आणि दर साली पोस्टात पैसे भरून तो नवा करून घ्यावा लागायचा, हे आज पोरांना सांगितलं तर त्यांना खरं वाटत नाही. काका सांगतात, कपाशीचे पैसे हातात आले की आजोबा आधी बियाण्याची उधारी फेडत, मग किराण्याची, आणि मग रेडिओचे पंधरा रुपये वेगळे काढून ठेवत. चुकवणारे पुष्कळ होते. तपासनीस आल्याची आवई उठली की रेडिओ गोधडीत गुंडाळून कोठीत जायचा. आजोबांनी तसं कधी केलं नाही. ते म्हणत, "ऐकतो त्यानं भरावं."

त्यांच्या लहानपणी आमची राजधानी नागपूर होती. बऱ्हाणपूर तेव्हा निमाड जिल्ह्यात, आणि निमाड नागपूरच्या राज्यात. १ नोव्हेंबर १९५६ला राज्यांची नवी मांडणी झाली, विदर्भ तिकडे मुंबई राज्यात गेला, आम्ही इकडे मध्य प्रदेशात राहिलो आणि राजधानी भोपाळ झाली. गावातली म्हातारी माणसं हे एखादं भावकीचं वाटप सांगावं तसं सांगतात. केळी तीच, तापी तीच, सोयरीक रावेर-जळगावकडचीच, फक्त कागद हिंदीत आले. घरातली मराठी घरात राहिली. आकाशवाणीचं नागपूर केंद्र १९४८मध्ये सुरू झालं होतं, आणि पुढे जळगावचं आलं. संध्याकाळी त्या खोक्यातून मराठी बोल ऐकू आला की आजी चुलीपुढून उठून ओट्यावर येऊन बसायची. त्या पंधरा रुपयांत तिचं माहेर येत होतं, असं मला वाटतं.

ज्यांना पंधरा रुपये जड होते त्यांचं काय? तेव्हा सरकारला हा प्रश्न पडला होता, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. पन्नासच्या दशकात गावोगावच्या चावड्यांवर सामाईक रेडिओ बसवण्याची योजना होती. निम्मा खर्च केंद्र सरकार उचली, उरलेला राज्य आणि गाव मिळून. पुणे, नगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांत १९५६मध्ये युनेस्कोच्या मदतीने दीडशेच्या आसपास गावांत शेतकऱ्यांची रेडिओ मंडळं भरवली गेली. माणसं ऐकायची आणि ऐकल्यावर आपापसांत बोलायची. १ ऑगस्ट १९७५पासून वर्षभर इस्रोने नासाच्या उपग्रहावरून सहा राज्यांतल्या २,४०० खेड्यांत टीव्ही दाखवला. छपरावर जाळीच्या मोठ्या छत्र्या, शाळेत नाहीतर पंचायतीत एक संच, आणि समोर सगळं गाव. आमच्या तेव्हाच्या राज्यातली त्यासाठी निवडलेली खेडी रायपूर-बिलासपूरच्या पट्ट्यातली होती. निमाडात ते आलं नाही. पण नवं यंत्र गावात न्यायचं तर त्याचा पहिला भार गावावर टाकायचा नाही, ही समज त्या माणसांच्या ठायी होती.

आमच्याकडे टीव्ही आला तो काकांच्या हौसेने. एका सालची केळी वादळातून वाचली, घड भरले, आणि काकांनी बऱ्हाणपुराहून कृष्णधवल संच आणला. बैलगाडीतून आणला, खाली कडबा अंथरून. टीव्हीलाही तेव्हा लायसन असे, वर्षाला पन्नास रुपये. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर रेडिओची नि टीव्हीची दोन्ही लायसनं बंद झाली.

खरी करामत अँटेनाची होती. लहान प्रक्षेपकांची ताकद शंभर वॅट, त्यांची लाट दहा-पंधरा किलोमीटरपर्यंत धड पोचायची, आणि त्यापलीकडच्यांनी उंच पाइप उभारावा. काकांनी बोअरचा जुना पाइप भिंतीला कड्या ठोकून उभा केला. तोंड कुठं करायचं यावर भावाभावांत वाद. एक म्हणे जळगाव, एक म्हणे खंडवा. वर चढलेला पाइप फिरवायचा, अंगणातला खिडकीशी उभ्या असलेल्याला विचारायचा, खिडकीतला आत ओरडायचा, "आलं का?" आतून उत्तर, "मुंग्या!" पुन्हा फिरवा.

२५ जानेवारी १९८७ला 'रामायण' सुरू झालं. मी तेव्हा सहा वर्षांचा. रविवारी सकाळी आमच्या ओसरीत पाय ठेवायला जागा नसे. मजुरांच्या वस्तीतली मुलं दाराबाहेर, उंबऱ्याला हनुवट्या टेकून बघायची. आजी त्यांना आत बोलवायची, काही यायची, काही यायची नाहीत. ती उंबऱ्यावरची मुलं मला पुढे तीस वर्षांनी पुन्हा दिसली, म्हणून त्यांचा उल्लेख इथे करतो आहे.

मधल्या काळात केबल आली. निंबाच्या फांद्यांवरून, विजेच्या खांबांवरून काळी वायर घरोघर गेली. महिन्याच्या महिन्याला केबलवाला दारात यायचा, वहीत खूण करायचा. एखाद्याने दोन महिने थांबवलं तरी वायर तोडायचा नाही, मालाची कटाई झाली की घेईन म्हणायचा. १९९९ला 'अल्फा मराठी' आलं, २०००मध्ये 'ईटीव्ही मराठी'. माझी शाळा हिंदी, पुस्तकं हिंदी, सरकार-दरबार हिंदी. घराबाहेरची, दुसऱ्या कुणाच्या तोंडची नीटस मराठी मी पहिल्यांदा रोज ऐकली ती त्या काळ्या वायरीतून. मी आज मराठीत लिहितो त्यात तिचा वाटा आहे.

मग कायदा बदलला. १९९५च्या केबल कायद्यात २०११च्या अखेरीस दुरुस्ती झाली आणि देशभर ॲनालॉग केबल चार टप्प्यांत बंद करायचं ठरलं. २०१२मध्ये चार महानगरांपासून सुरुवात, मग पुणे, नागपूर, इंदूर, भोपाळसारखी शहरं, मग बाकीची गावंशहरं, आणि शेवटी खेडी. तारखा पुढे ढकलत ढकलत खेड्यांची पाळी ३१ मार्च २०१७ला आली. घरात संच चालू स्थितीत असला तरी त्याला सेट-टॉप बॉक्स, म्हणजे डबा, जोडल्याशिवाय चित्र येणार नाही. डबा ज्याचा त्याने घ्यायचा.

आमच्या घरी पैसे होते, डबा आला. पण तो आठवडाभर बंदच राहिला. आजी तेव्हा नव्वदीला टेकलेली. ती रोज संध्याकाळी सहाला टीव्हीसमोर बसायची आणि निळा पडदा बघून उठायची. विचारायची, "माझी मालिका कुठं गेली रे?" डब्याचे पैसे घेणारा फोन उचलत नव्हता. डबा चालू झाला तेव्हा त्यात मराठी वाहिन्या नव्हत्या. मध्य प्रदेशातल्या गावाला हिंदीचा संच ठरलेला, मराठीसाठी वरचे पैसे. आजीच्या भाषेला वेगळी किंमत लागलेली मी त्या दिवशी पाहिली आणि मला ती फार लागली.

त्याच आठवड्यात आमच्या ओसरीत मुलं आली. वस्तीतली. घरी टीव्ही होता, पण डब्याचे पैसे पुढच्या कटाईला येणार होते. उंबऱ्याशी बसली. मी आत या म्हटलं. काही आली, काही आली नाहीत.

त्या रात्री मी काकांना म्हटलं, "आजोबा म्हणायचे, ऐकतो त्यानं भरावं. मग हे बरोबर आहे का?"

काका बराच वेळ बोलले नाहीत. मग बऱ्हाणपूरच्या कुंडी भंडाऱ्याचं बोलू लागले. १६१५च्या सुमारास, मुघल सुभेदार अब्दुर रहीम खानखानांच्या अमदानीत, सातपुड्यातून झिरपणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून नुसत्या उतारावर शहरापर्यंत आणलं. वर शंभरावर कुंड्या ओळीने. आजही त्यांत वाकून पाहिलं की खाली पाणी चालताना दिसतं. काका म्हणाले, "पाणी ज्यानं आणलं त्यानं बोगदा खणला. मडकं बायांनी आपलं नेलं. तुझ्या आज्याचं म्हणणं तेवढंच होतं. पण उद्या आणणारानंच पाणी असं बदललं की जुन्या मडक्यात ते राहीचना, तर नवं मडकं कुणी द्यावं?"

मला याहून नेमकं उत्तर अजून कुठे मिळालेलं नाही. बदल प्रेक्षकाने मागितलेला नव्हता. चित्र स्वच्छ झालं, वाहिन्या वाढल्या, हे मी नाकारत नाही. पण मोठा लाभ कुणाचा? केबलवाल्याच्या वहीत किती घरं हे पूर्वी वाहिन्यांना कळत नसे, डब्यामुळे घर न् घर मोजलं गेलं आणि वाहिन्यांचा हिस्सा पक्का झाला. सरकारचा कर पक्का झाला. २०१९च्या नव्या दरपत्रकात पहिल्या शंभर वाहिन्यांच्या जागेसाठीच १३० रुपये आणि वर १८ टक्के जीएसटी, पैशाच्या वाहिन्या निराळ्या. ज्यांचा लाभ पक्का झाला त्यांनी मिळून, निदान गरिबाच्या घरचा डबा तरी, द्यायला हवा होता.

हे अशक्य नव्हतं. अमेरिकेने जून २००९मध्ये ॲनालॉग प्रक्षेपण थांबवलं, तेव्हा मागेल त्या घराला चाळीस डॉलरची दोन कुपनं दिली, आणि तो पैसा मोकळ्या झालेल्या रेडिओलहरींच्या लिलावातून काढला. ब्रिटनमध्ये पंचाहत्तरीपुढच्या आणि अपंग माणसांच्या घरी जाऊन डबा जोडून द्यायची योजना होती. तिचा खर्च टीव्हीच्या लायसनच्या पैशातून झाला, आजोबा भरत होते तसल्याच. आपल्याकडे तमिळनाडूने २०१७मध्ये सरकारी केबलच्या ग्राहकांना डबे फुकट दिले. जसोंडीला त्याच साली स्वतःचं पाकीट काढावं लागलं.

पुढे वस्तीने आपली वाट काढली. महिन्याचे पैसे नकोत म्हणून दूरदर्शनची फ्री डिश घरोघर लागली. छत्री आणि डबा एकदाच विकत घ्यायचा, पुढे काही नाही. आणि तीत 'सह्याद्री' दिसते. भोपाळकडे तोंड केलेल्या गावात मुंबईची मराठी फुकट आली, हे डिजिटलचंच देणं, आणि मी ते मानतो. पण त्याच फ्री डिशवरच्या जागा प्रसार भारती खासगी वाहिन्यांना लिलावात विकते, आणि त्या जागांना मोल आहे ते कोट्यवधी घरांच्या छपरांवर छत्र्या आहेत म्हणून. त्या छत्र्या लोकांनी आपल्या पैशाने घेतलेल्या आहेत. जानेवारी २०२३मध्ये केंद्राने दुर्गम, आदिवासी, नक्षलग्रस्त आणि सीमेवरच्या भागांत आठ लाखांवर डबे मोफत वाटायचं मंजूर केलं. आमची सीमा दोन राज्यांमधली, ती त्यात बसत नाही. मला त्या आठ लाख घरांचा हेवा नाही, उलट बरंच वाटलं. कुणीतरी मडक्याचा विचार केला.

ऑक्टोबर २०२१पासून दूरदर्शनने आपले उरलेसुरले ॲनालॉग प्रक्षेपकही टप्प्याटप्प्याने बंद केले. महत्त्वाच्या ठिकाणचे पन्नासेक ठेवले. त्यांच्या लहरी आता नव्या कामांना मिळतील, असं तेव्हा सांगितलं गेलं. जळगाव की खंडवा, हा भावांचा वादही तेव्हा संपला.

काकांचा पाइप अजून भिंतीला आहे. त्याच्याच कडीला फ्री डिशची छत्री आवळली आहे, थोडी दक्षिणेकडे झुकलेली. आजी गेली त्या साली काकूने ती घेतली, भुईमुगाच्या पैशातून. दुकानदाराने पावती दिली तेव्हा काकूने ती वाचली, चार घड्या घातल्या आणि मला माळ्यावर चढायला सांगितलं. "त्या पुस्तिकेत ठेव," म्हणाली. "आज्याच्या शिक्क्यांच्या पुढच्या पानात."