राब आणि रोप : उत्तर कोकणातील एका कृषिशब्दाचा इतिहास

भाताच्या रोपाला मराठीत एकच नाव नाही. ठाणे-रायगडकडे ते आवण, दक्षिण कोकणात व कोल्हापूरच्या बाजूस तरवा, तर भंडारा-गोंदियाच्या धानपट्ट्यात पऱ्हे. जे धान्य पेरल्या जागीच वाढते, त्याच्या बाल्यावस्थेला वेगळ्या नावाची गरज भासत नाही. जे उपटून दुसरीकडे लावावयाचे, त्याचीच एक अवस्था म्हणून गणना होते. तीन-चार आठवड्यांच्या या अवस्थेभोवती जो शब्दसमूह जमला, त्यातील ‘राब’ या शब्दाची कथा केवळ कोशाची नाही. तिच्यात एका दीर्घ वादाचा इतिहास आहे.

राब म्हणजे रोपे करण्याच्या जागेवर जाळण्यासाठी पसरलेले शेण, टहाळ, पातेरा, गवत. आणि अशी भाजलेली जागाही राबच. मोल्सवर्थच्या कोशात (दुसरी आवृत्ती, १८५७) हा शब्द नोंदलेला आहे. ‘राबणे’ या क्रियापदाशी त्याचे नाते जोडण्याचा मोह अनेकांना होतो, आणि राब करणाऱ्याचे कष्ट पाहता तो समजण्याजोगा आहे. परंतु ध्वनिसाम्य हे व्युत्पत्तीचे प्रमाण नव्हे.

राबाची कृती १८८२ च्या ठाणे गॅझेटियरात आली आहे. खाली शेण, त्यावर झाडांचे टहाळ, वर पाला व गवत, आणि सर्वांवर बारीक मातीचा पातळ थर. माती घालावयाची ती आग भडकू नये, सावकाश धुमसावी म्हणून. उन्हाळ्यात राब भाजला, की पावसाच्या प्रारंभी त्यात बी पेरतात. तणाचे बी जळून गेलेले असते, माती भुसभुशीत झालेली असते. त्यामुळे रोप लवकर जोम धरते आणि उपटताना मूळ फारसे तुटत नाही. कोकणच्या पावसात मागे पडलेले रोप लावणीनंतर सावरणे कठीण. साऱ्या शेताचा भरवसा त्या चिमुकल्या तुकड्यावर असे.

टहाळ मात्र रानातून येई. ऐनाचा पाला विशेष पसंतीचा. १८७८ च्या वनकायद्यानंतर राखीव व संरक्षित वनांची आखणी होऊ लागली, तसा हा प्रश्न पेटला. वनाधिकाऱ्याच्या दृष्टीने राब म्हणजे छाटलेली, खुरटलेली झाडे. कुळाच्या दृष्टीने टहाळबंदी म्हणजे आवणाशिवाय पावसाळा. एकाला रानातले रोप जगवावयाचे होते, दुसऱ्याला खाचरातले. ठाणे-कुलाब्यातील तक्रारींच्या चौकशीसाठी १८८५ मध्ये मुंबई सरकारने वन आयोग नेमला; त्याचा अहवाल १८८७ चा आहे. या वादाचे कागद वाचताना एक सावधगिरी आवश्यक आहे. डोंगरउतारावरील दळी ही फिरती शेती; राब हा कायम खाचराचा पूर्वसंस्कार. आग दोहोंत आहे, एवढ्यावरून दोन्ही एकाच सदरात घालणे म्हणजे शब्दांची व शेतीचीही गफलत होय.

राब हा अडाणी उधळेपणा आहे काय, या प्रश्नाचे उत्तर प्रयोगशाळेतून आले. पुण्याच्या कृषिमहाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मान यांनी जोशी व कानिटकर या सहकाऱ्यांसह १९१२ मध्ये राबावर प्रबंध प्रसिद्ध केला. राखेतून खत मिळते हे उघडच होते. पण मातीला मिळणाऱ्या उष्णतेचाही रोपाच्या वाढीत मोठा वाटा आहे, हे त्यात पुढे आले. केवळ राख आणून टाकल्याने राबाचे काम भागत नाही, असा याचा अर्थ. टहाळाऐवजी नुसते खत वापरा, या सोप्या सल्ल्याला कुळे का बधली नाहीत, हे यावरून कळते. अर्थात येथून रानाचे नुकसान खोटे ठरत नाही. राबाची उपयुक्तता व त्याची किंमत हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि त्या काळच्या दोन्ही पक्षांनी ते बहुधा एकच मानले.

या शब्दाचा पुढील प्रवास अधिक कुतूहलाचा आहे. मुंबई इलाख्यातील वनशास्त्राच्या इंग्रजी लेखनात ‘राब’ सागाच्या लागवडीसंबंधी आढळतो : तोडीनंतर उरलेल्या काटक्या-पाला जाळावयाचा आणि त्या भाजलेल्या जागी साग लावावयाचा. ज्या कृतीवरून वनखाते कुळांशी भांडले, तीच रानातील रोपासाठी त्याने स्वीकारली, आणि नावही कुळांचेच ठेवले.