अर्ध्या डॉलरची वंशावळ

15 जून 2007 रोजी टेक्ससचे गव्हर्नर रिक पेरी यांनी राज्याच्या अर्थसंकल्पातल्या काही ओळींवर काट मारली. त्यांतली एक ओळ कम्युनिटी कॉलेजांच्या कर्मचाऱ्यांच्या आरोग्यविम्याची होती आणि तिची किंमत होती सुमारे 15 कोटी 40 लाख डॉलर. टेक्ससच्या गव्हर्नरला सबंध विधेयक फेटाळावं लागत नाही, खर्चाची नको ती बाब तेवढी खोडता येते. तिथलं विधिमंडळ नियमित अधिवेशनासाठी दोन वर्षांतून एकदाच भरतं, तेही फार तर 140 दिवस. मे संपता संपता आमदार आपापल्या गावी गेले होते. नकाराधिकार उलटवायचा तर सभागृहात माणसं लागतात, आणि ती नव्हती.

खोडलेल्या ओळीचा मूळपुरुष त्याच राज्यात, डॅलसमध्ये सापडतो. जस्टिन फोर्ड किंबल आधी डॅलसच्या शाळांचे अधीक्षक होते, पुढे बेलर विद्यापीठाच्या तिथल्या रुग्णालयाचा कारभार त्यांच्याकडे आला. थकलेल्या बिलांची चळत चाळताना त्यांना ओळखीची नावं दिसू लागली. ती शिक्षकांची होती. अधीक्षक असताना त्यांनी शिक्षकांसाठी आजारपणाचा एक निधी चालवला होता, त्याच्या नोंदी हाताशी होत्या. हिशेब मांडला तर माणशी महिन्याला 15 सेंटांच्या आसपास खर्च निघाला. गणित चुकलं तर रुग्णालय बुडायला नको, म्हणून किंबलनी वर्गणी ठेवली 50 सेंट. त्या बदल्यात वर्षाला 21 दिवसांचा रुग्णालयातला मुक्काम. अट एवढीच की चारांतल्या तीन शिक्षकांनी तरी सामील व्हायचं; नाहीतर आजारी तेवढेच येतील आणि धडधाकट बाहेर राहतील. डिसेंबर 1929 मध्ये हजाराहून अधिक शिक्षक घेऊन योजना सुरू झाली. न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळून दोन महिने होत आले होते. पुढच्या मंदीत रिकाम्या खाटांना कावलेल्या इतर रुग्णालयांनी ही युक्ती उचलली आणि त्यातूनच ‘ब्लू क्रॉस’ या विमा योजनांचा पसारा वाढला. अमेरिकेतल्या आरोग्यविम्याचा हा एक मुख्य उगम मानतात. तो उपकार नव्हता आणि सरकारी सवलत तर नव्हतीच. शिक्षक आपल्या खिशातून भरत होते, रुग्णालय आपली उधारी सावरत होतं.

मग हप्ता शिक्षकाच्या खिशातून मालकाच्या वहीत कसा गेला? युद्धामुळे. 1942 मध्ये महागाई आवरण्यासाठी वॉशिंग्टनने पगारवाढीला लगाम घातला, पण विम्यासारखे लाभ त्या बंधनातून सुटले. कामगार टिकवायचे आणि पगार वाढवता येत नाही, तेव्हा कारखानदारांनी विमा देऊ केला. 1954 च्या करकायद्याने मालकाने भरलेला हप्ता कर्मचाऱ्याच्या करपात्र उत्पन्नातून वगळला आणि युद्धातली तात्पुरती सोय कायमची झाली. पांढऱ्या कॉलरीच्या, निळ्या कॉलरीच्या, हळूहळू सरकारी नोकरांच्याही पगाराचा तो न दिसणारा भाग बनला. आजारपणाची सोय नोकरीला बांधण्याचा हा प्रकार मला आजही विचित्र वाटतो. पण एकदा बांधल्यावर मालकाने हात काढून घेणं म्हणजे पगार कापणंच होतं.

कम्युनिटी कॉलेजांच्या बाबतीत अडचण अशी, की त्यांचा मालक नेमका कोण हेच कधी धड ठरलं नाही. दोन वर्षांची ही कॉलेजं जिल्ह्याच्या मालमत्ता करावर उभी राहिली. टेक्ससने त्यांना राज्याची मदत सुरू केली ती 1941 मध्ये. वाटणी साधी होती: इमारती, दुरुस्ती, झाडलोट स्थानिक करातून, शिकवणं आणि प्रशासन यांना राज्याचा हातभार. आपल्याकडे वेतन आणि वेतनेतर अनुदानाच्या फायली ज्यांनी हाताळल्या आहेत, त्यांना अशा वाटणीत भांडण कुठे दडून बसतं ते सांगायला नको. राज्याचा वाटा खर्चाबरोबर वाढला नाही. शिक्षकाच्या पगारातली तूट कॉलेजं स्थानिक कर आणि विद्यार्थ्यांची फी यांतून भरू लागली. विम्याच्या हप्त्याचा भार मात्र राज्य बऱ्याच अंशी उचलत राहिलं.

पेरींनी बोट ठेवलं ते इथे. पगार ज्या प्रमाणात राज्याच्या पैशातून, त्याच प्रमाणात विमाही, असं त्यांचं म्हणणं. निधी मागताना कॉलेजांनी चुकीचे आकडे दिले, असा आरोपही त्यांनी केला. कागदावर हे तर्कशुद्ध दिसतं. पण पगारातला वाटा राज्यानेच आखडता घ्यायचा आणि मग त्या आखडलेल्या मापाने विमाही कापायचा, हा न्याय मला पटत नाही. शिवाय ही वहिवाट विधिमंडळाला माहीत होती, दर खेपेला तिथेच ती मंजूर होत आली होती.

विरोध झाला, पण संप नाही. टेक्ससमध्ये सरकारी नोकरांना संपाची आणि सामूहिक करारांची बंदी आहे, 1947 पासून. म्हणून लढाई पत्रांची, फोनची आणि विश्वस्त मंडळांच्या ठरावांची झाली. कॉलेजं एकच गोष्ट सांगत राहिली: राजधानी ऑस्टिनने ही रक्कम भरली नाही तर ती घरपट्टीत तरी येईल, नाहीतर फीमध्ये. त्यात ग्रामीण भागातल्या छोट्या कॉलेजांकडे कर वाढवायला फारशी मालमत्ताच नव्हती. शिक्षकाच्या आजारपणाचं गाऱ्हाणं जिथे पोचलं नसतं, तिथे घरपट्टीचं पोचलं. त्याच वर्षाच्या उत्तरार्धात तडजोड झाली आणि पैशाचा मोठा भाग परत मिळाला.

वाद मिटला नव्हता. 2011 च्या तुटीत तर अर्थसंकल्पाच्या पहिल्या मसुद्याने चार कॉलेजांचा निधीच बंद करायचं घाटलं होतं, ओडेसा आणि रेंजर त्यांतली दोन. ती वाचली. अखेर 2013 मध्ये विधिमंडळाने पात्र कर्मचाऱ्यांच्या विम्यातला राज्याचा वाटा कायद्यातच लिहून टाकला: निम्मा. पात्र कोण, तर ज्याचा पगार राज्याच्या निधीतून देता येऊ शकतो असा शिक्षक किंवा प्रशासकीय कर्मचारी, मग प्रत्यक्षात तो पगार कुठल्याही पैशातून निघो. 2007 चं भांडण त्या ‘मग प्रत्यक्षात’मध्ये मिटवलेलं आहे, त्यासाठी कॉलेजांनी उरलेला अर्धा हप्ता आपल्या अंगावर घेतला.

इमारतीची देखभाल करणारे मात्र 1941 च्या वाटणीतच राहिले. वर्गात शिकवणाऱ्या बाईंचा अर्धा हप्ता ऑस्टिनहून येतो. संध्याकाळी तोच वर्ग पुसणाऱ्या माणसाच्या हप्त्यातला कॉलेजचा सगळा वाटा कॉलेजलाच उभा करावा लागतो.