सूप, कढण आणि पिठी

मालवणी जेवण म्हटले की मासळीचे ताट डोळ्यांसमोर येते. खानावळींच्या पाट्यांनी आणि पर्यटनाच्या जाहिरातींनी हे चित्र पक्के केले आहे. त्यात कुळथाच्या पिठीला जागा नाही. सिंधुदुर्गातल्या घरात ज्या दिवशी मासळी नसते, भाजी नसते आणि हाताशी वेळही नसतो, त्या दिवशी पिठी होते. म्हणजे ती पुष्कळ वेळा होते. जे नित्य घडते त्याची नोंद कोणी ठेवत नाही, ही इतिहासलेखनाची जुनीच अडचण आहे. म्हणून पिठीचा माग काढताना आम्ही कागदपत्रांपेक्षा शब्द, धान्य आणि कृती या तीन साक्षींवर अधिक भिस्त ठेवतो.

प्रथम शब्द. आज उपाहारगृहात आपण जे ‘सूप’ मागवतो ते इंग्रजीतून आले. त्याचे मूळ युरोपीय आहे. परंतु संस्कृतातही ‘सूप’ आहे आणि त्याचा अर्थ डाळीचे कालवण असाच आहे. स्वयंपाक्याला ‘सूपकार’ म्हणत, आणि 1875 साली निघालेल्या मराठीतल्या आद्य छापील पाकग्रंथाचे नावही ‘सूपशास्त्र’ होते. दोन्ही शब्दांचे साम्य योगायोगाचे आहे. त्यावरून नाते जोडण्याचा मोह टाळलेला बरा. बोली मराठीत मात्र ‘सूप’ उरले ते धान्य पाखडण्याचे, आणि ते ‘शूर्प’ या वेगळ्याच शब्दापासून आलेले. कालवणाची जागा वरण, आमटी, सार, कढण यांनी घेतली. आयुर्वेदातील ‘कुलत्थयूष’ म्हणजे आपले कुळथाचे कढणच. चरकसंहितेत कुळीथ उष्ण, तुरट आणि खोकला-दम्यावर हितकर म्हटला आहे. पावसाळ्यात सर्दीने बेजार झालेल्या मुलाला कढण पाजणाऱ्या आजीने चरक वाचलेला नसतो. पण दोघांचे म्हणणे एकच असते.

दुसरी साक्ष धान्याची. कुळीथ याच भूमीतला आहे. दक्षिणेतील नवाश्मयुगीन वसाहतींच्या उत्खननांत, उदाहरणार्थ कर्नाटकातील संगनकल्लू आणि हल्लूर येथे, मुगाबरोबर कुळथाचे जळके दाणे मिळाले आहेत. म्हणजे किमान साडेतीन-चार हजार वर्षांची ही सोबत आहे. इंग्रजांनी त्याला घोड्याचे हरभरे ठरवले, कारण त्यांच्या छावण्यांत तो घोड्यांपुढे पडत असे. नाव देणारा कोठून पाहत होता, हे त्या नावातच उघड होते. कोकणात भात कापल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर कुळीथ उगवतो. त्याला पाटाचे पाणी लागत नाही, खताची फारशी मागणी नसते. ज्याच्यापाशी थोडे आहे त्याचे हे पीक.

तिसरी साक्ष कृतीची. कुळीथ निवडून मंद आचेवर खमंग भाजायचे, जात्यावर भरडायचे, सुपाने पाखडून साले उडवायची आणि उरलेली डाळ बारीक दळायची. खरे कष्ट येथेच संपतात. पुढे तेलात ठेचलेली लसूण, कांदा व हिरवी मिरची परतून पाणी घालायचे. त्यात सोलं आणि मीठ टाकून, थंड पाण्यात कालवलेले पीठ सोडायचे आणि गुठळी होऊ न देता ढवळत राहायचे. दहा मिनिटांत भातावर ओतण्याजोगी पिठी तयार होते. एका भांड्यात येथे केवढा काळ एकत्र आला आहे! कुळीथ नवाश्मयुगापासूनचा, कोकम सह्याद्रीच्या रानातले, मिरची मात्र पोर्तुगिजांच्या मागोमाग अमेरिकेहून आलेली. ‘अस्सल’ पदार्थ म्हणजे ज्यात कधी काही बदलले नाही असा पदार्थ, ही समजूत पिठीपुढे टिकत नाही.

भाजून दळलेले पीठ टिकते, हा या पदार्थाचा सामाजिक गुण. जून-जुलैत समुद्र खवळलेला, मासेमारी बंद. तेव्हा पिठी आणि भाजलेला सुका बांगडा एवढ्यावर घरे निभावली. त्याच पिठाची पुरचुंडी चाकरमान्याच्या ट्रंकेतून गिरणगावात गेली. 1981 मध्ये सिंधुदुर्ग वेगळा जिल्हा होण्यापूर्वी हा सारा मुलूख रत्नागिरीत मोडे, आणि मुंबईच्या गिरण्यांना मनुष्यबळ पुरवणाऱ्या प्रदेशांत रत्नागिरी अग्रभागी होता. पाहुण्यापुढे पिठी वाढायला संकोचणारी पिढी याच ओढगस्तीतून आली.

आज तेच पीठ छापील पिशवीत मिळते, आणि पिठी ‘पौष्टिक पारंपरिक’ म्हणून मिरवते. तिची लाज गेली, हे चांगलेच झाले. पण पिशवीबरोबर भाजण्याचा अंदाज, पाखडण्याचा हात आणि त्यांचे शब्दही घरातून जातात. आमच्या अभ्यासाच्या दृष्टीने ही हानी लहान नाही. जात्यावरच्या ओव्या आपण संग्रहित केल्या, हे योग्यच झाले. त्या वेळी जात्यात काय होते, हेही विचारायला हवे होते.