बिनतारी ध्वनीचा लोप

ढोकी किंवा तेर या बाजूस कीर्तनाच्या मंडपांत आतां तारेवांचून चालणारा मायक्रोफोन आढळतो. बुवा दोन पावलें सरकले कीं नेमक्या निरूपणाच्या शब्दावर आवाज नाहींसा होतो. श्रोते बॅटरीला दोष देतात. खरें कारण बहुधा निराळें असतें. एक लहर थेट येते, दुसरी पत्र्यावर आपटून. दोहोंच्या वाटेंत अर्ध्या लहरीचें अंतर पडलें, कीं त्या परस्परांस मारतात. ६०० मेगाहर्ट्‌झची लहर अवघी ५० सेंटिमीटर लांब!

हा उपद्रव जुनाच. १९२७ च्या सप्टेंबरांत खडकीचें प्रक्षेपणकेंद्र व दौंडचें ग्रहणकेंद्र यांच्या द्वारां विलायतेशीं लघुलहरींची बिनतारी सेवा सुरू झाली. लघुलहरींस परतविणारी भिंत म्हणजे वातावरणाचा वरचा विद्युन्मय थर, आणि तो कधीं स्थिर नसतो. अमेरिकेंत हॅरल्ड बेव्हरेज व पीटरसन यांना दिसलें कीं, एका जागीं संदेश क्षीण असतां कांहींशें फुटांवर तो ठळक असतो. त्यांनीं दूरदूरच्या तीन एरियलांना तीन ग्राहक जोडले. १९३१ सालीं त्याचें वर्णन प्रसिद्ध झालें. युक्ति सोपी, पण ती सुचावी लागते.

मंडपांतील चांगल्या पेटींत दोन एरियल व प्रत्येकामागें स्वतंत्र ग्राहकमंडल असतें. तुलनामंडल सबळ बाजूचाच ध्वनि पुढें सोडतें. स्वस्त पेटींत पुष्कळदां एरियल दोन, पण ग्राहक एकच. आवाज ढासळूं लागल्यावर तो एरियल बदलतो. दुकानदार दोन काड्या तेवढ्या दाखवितो.