सिसरोचा वृद्ध केटो आणि केटोचे वृद्ध गुलाम

इ. स. पू. ४४ मध्ये, कन्या तुलियाच्या मृत्यूनंतर वर्षभराने, ६२ वर्षांच्या सिसरोने वार्धक्याचे समर्थन ८४ वर्षांच्या केटोच्या मुखी घातले. उतारवयात ग्रीक शिकणारा, द्राक्षवेलींच्या जोपासनेत रमणारा हा वृद्ध मनुस्मृतीतील वानप्रस्थाप्रमाणे अरण्याकडे वळत नाही. लोकव्यवहारातच त्याची प्रतिष्ठा टिकते. मात्र ही कृतार्थता कोणाच्या श्रमांवर उभी होती, याविषयी संवाद मौन पाळतो. ऐतिहासिक केटोच्या शेतीविषयक ग्रंथात म्हाताऱ्या बैलांबरोबरच वृद्ध आणि आजारी गुलामही विकून टाकावेत, असा सल्ला आहे. पुढे प्लूटार्कने केटोच्या या वृत्तीला उघड दोष दिला. सिसरोचा केटो त्याच ग्रंथाचा आवर्जून उल्लेख करतो, पण तो खताची उपयुक्तता सांगताना.