शुगर एकदम उतरली तर आधी साखरच द्या

शुगर वाढल्याची धास्ती सगळ्यांनाच असते. पण इन्सुलिन किंवा गोळ्या चालू असलेल्या माणसाची शुगर एकदम उतरली तर तो थोड्याच वेळात बेशुद्ध पडू शकतो, प्रसंगी जीवही जातो. मशीनवर आकडा ७० च्या खाली दिसला की शुगर कमी झाली समजायचं.

दरदरून घाम, हातापायाला थरथर, छातीत धडधड, कडाडून भूक ही सुरुवात. मग माणूस चिडतो, काहीबाही बोलतो, झोकांड्या खातो. 'घेतलीय वाटतं' म्हणून लोक पुढं निघून जातात. शुगरचा पेशंट असेल तर तसं करू नका.

कारण बहुतेक वेळा साधंच असतं. गोळी घेतली अन् भाकरी न खाताच दारं धरायला गेला. नाहीतर एकादशी, नवरात्रातले उपवास, उपाशीपोटी दारू. ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड या गोळ्या आणि इन्सुलिनवाल्यांना धोका जास्त. नुसती मेटफॉर्मिन असेल तर कमी. उपवास धरायचाच असेल तर गोळीचं आधी डॉक्टरांना विचारा, मनानं डोस बदलू नका.

मशीन जवळ नसेल तर शोधत बसू नका. माणूस शुद्धीवर असेल, गिळता येत असेल तर चहाचे तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर पाण्यात कालवून लगेच पाजा. 'शुगरवाल्याला गोड कसं देता?' म्हणणारा एखादा तिथं असतोच, त्याचं ऐकू नका. पेढा, चॉकलेट नको. त्यातल्या स्निग्धपणामुळं साखर रक्तात उशिरा पोचते. व्होग्लिबोजची गोळी चालू असेल तर साखरेपेक्षा ग्लुकोज पावडरच बरी. १५ मिनिटांत फरक पडला नाही तर पुन्हा तेवढंच द्या. बरं वाटलं की भाकरी किंवा पोळी खायला घाला.

बेशुद्ध असेल तर तोंडात काहीच घालू नका, पाणीसुद्धा नाही. ते श्वासनळीत जातं. कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा.

गोळीमुळं शुगर उतरली असेल तर तरतरी आल्यावरही दवाखान्यात न्याच. गोळीचा असर बरेच तास राहतो, रात्रीतून शुगर पुन्हा उतरू शकते. रानात जाताना खिशात साखरेची पुडी ठेवावी, आणि ती कुठल्या खिशात आहे हे सोबतच्या गड्यालाही सांगून ठेवावं.